जिंजीचा धोंडा, मारतहळ्ळीत

मी बंगळूरच्या मारतहळ्ळीत राहते. पाहुण्यांना या नावात 'मराठा' ऐकू येतो आणि ते खूश होतात. तो इंग्रजी पाट्यांचा प्रताप आहे; कानडीत तिथे 'त' आहे, 'ठ' नाही. असो. आज मला बोलायचंय खोट्या दगडाबद्दल. खरा वाटेल असा खोटा दगड कसा करायचा, आणि तो करायला घेतला की पहिला प्रश्न 'कसा' नसून 'कुठला' हा का असतो, त्याबद्दल.

आमच्या सोसायटीत पंधरा-वीस मराठी घरं आहेत. दिवाळीत मुलं खालच्या लॉबीत किल्ला करतात. पुण्या-साताऱ्याकडे अंगणातली माती, विटांचे तुकडे, गोणपाट असं सगळं हाताशी असतं. इथे लॉबीत ग्रॅनाइटची चकचकीत फरशी. माती सांडायची नाही, पाणी सांडायचं नाही, आणि पाच दिवसांनी सगळं उचलून न्यायचं. म्हणजे किल्ला हलका हवा. डोंगरसुद्धा खोटाच करायचा.

यंदा किल्ला कुठला, यावरून बैठकीत चांगलीच जुंपली. मी म्हटलं, जिंजी. साताऱ्याचे एक काका म्हणाले, "अहो, रायगड सोडून जिंजी? या पोरांना सह्याद्री कळायचा कधी?" प्रश्न अगदी रास्त होता. माझं म्हणणं एवढंच की या मुलांनी सह्याद्री पाहिलाय तो मे महिन्यात, गाडीच्या काचेतून. ती रायगड करतात तो फोटो बघून. पण त्यांच्या पायाखाली जो दगड आहे, त्याच प्रकारच्या दगडावर मराठ्यांचा एक किल्ला उभा आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतली जिंजी. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली. पुढे १६८९ मध्ये राजाराम महाराज वेषांतर करून पन्हाळ्याहून निघाले ते जिंजीला पोचले, आणि झुल्फिकारखानाच्या वेढ्यात तिनं १६९८ पर्यंत तग धरला. त्या प्रवासात महाराजांचा मुक्काम बंगळुरात पडला होता, तिथे संशय आला, तेव्हा खंडो बल्लाळ मागे राहिले, मार खाल्ला पण तोंड उघडलं नाही, असं सांगतात. मी हे सांगितल्यावर मुलांनी मतदान न घेताच जिंजी ठरवून टाकली. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी रायगड." कबूल.

आता दगड.

सह्याद्रीचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, म्हणून सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. आडवा थर, सरळ तुटलेला कडा, पुन्हा आडवा थर. हे करायला सोपं आहे. जाड खाकी कागद चुरगळला, काळा रंग मारला, की घडीघडीतून कडा उभा राहतो. आपण सगळ्यांनी लहानपणी हेच केलंय.

बंगळूरचा दगड वेगळा. लालबागेत केंपेगौडाचा मनोरा ज्या खडकावर आहे, तो खडक साधारण तीनशे कोटी वर्षांचा. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलंय. त्याला द्वीपकल्पीय नीस म्हणतात, ग्रॅनाइटचा भाऊबंदच. जिंजीच्या डोंगरांवरचे धोंडेही याच कुळातले. 'शोले'चं रामनगर आठवा, म्हणजे चेहरा डोळ्यांसमोर येईल. हत्ती बसल्यासारखे गोल, फिकट, एकमेकांवर रेललेले. इथे चुरगळलेला कागद चालत नाही. कागदाला शंभर धारा पडतात आणि या दगडाला जवळजवळ एकही नसते.

गोल का होतो, हे मुलांना खडूच्या रिकाम्या खोक्यावर दाखवलं. मूळ खडकाला उभ्या-आडव्या भेगा असतात, त्यामुळे त्याचे चौकोनी ठोकळे पडतात. भेगांतून पाणी शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकाच दिशेनं भिडतं, कडेला दोन दिशांनी, कोपऱ्याला तीन. म्हणून कोपरा सगळ्यात आधी झिजतो. एवढं कळलं की हात आपोआप बरोबर चालतो. धोंडा गोल करायचा नाही. ठोकळा करायचा आणि त्याचे कोपरे खायचे. नुसता गोल केला तर भोपळा होतो.

एका रविवारी सगळ्यांना लालबागेत नेलं. अट एकच: फोटो काढायचे नाहीत, चित्र काढायचं. फोटो काढला की माणूस बघायचं थांबतो, असं माझं मत आहे. खडकावरचे फिकट-गडद पट्टे मुलांना दिसले, तेही सरळ नव्हेत, पीठ मळताना वळावेत तसे वळलेले. कांद्यासारखे सुटणारे पापुद्रे दिसले. पाणी ओघळतं तिथले काळे पट्टे दिसले. एका मुलानं विचारलं, "हे कोणी रंगवलं?" शेवाळानं रंगवलं, बाबा.

सांगाडा केला बांबूच्या कामट्यांचा. कामट्या शिवाजीनगरजवळच्या बांबू बाजारातून आणल्या, सुतळीनं बांधल्या. मुख्य धोंडा चार फूट लांब, तीन फूट उंच. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी. जाळीची टोकं हाताला लागतात, म्हणून ते काम मोठ्यांनी हातमोजे घालून केलं. पोटात पुठ्ठे भरले. मारतहळ्ळीत ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांना तोटा नाही. थर्माकोल मी घेऊ दिलं नाही. ते पेटतं, मोडल्यावर त्याचे दाणे महिनाभर जिन्यात उडत राहतात, आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीत जातं.

जाळीवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मैद्याच्या खळीत बुडवून. पाच थर. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागत नाही म्हणून; पण ते विषारी, आणि इथे लहान मुलांचे हात, तेव्हा ते नाही. मग प्रत्येक थर पूर्ण वाळवणं हाच उपाय. ऑक्टोबरात बंगळुरात संध्याकाळी पाऊस ठरलेला. तीन दिवस पंखा लावून ठेवला. घाई केली असती तर आतून बुरशीचा वास सुटला असता. सगळ्यात वर कागदाचा लगदा, फेव्हिकॉल, खडूची भुकटी आणि चाळलेली बारीक वाळू यांचा गिलावा. तो ओल्या स्पंजानं पुसत पुसत गुळगुळीत केला.

भेगा किती काढायच्या, यावर मुलांशी रोज भांडण. त्यांना वीस हव्या होत्या, मी तीनवर ठाम होते. आमचे मावळे दोन इंचाचे. त्यांच्या मानानं हा धोंडा घराएवढा मोठा, मग त्याचा बारीक खडबडीतपणा दिसेलच कसा? खोटा दगड ओळखू येतो तो बहुतेक वेळा याच कारणानं: करणाऱ्याला दगडपणा जास्त दाखवायचा असतो.

दुसरं कारण बूड. खरा धोंडा जमिनीवर ठेवलेला नसतो, जमिनीतून वर आलेला असतो. ताटातल्या लाडवासारखा दिसला की खेळ संपला. म्हणून खालची कड आतल्या बाजूला वळवली आणि प्लायवूडवर त्याच्याभोवती लाल माती चिकटवली. ही माती शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यातली. तिथे सुरुंग लावून खडक फोडताहेत. तळघरात दोन मजले गाड्या लागणार आहेत. मुलं गच्चीवरून रोज बघायची. खड्ड्यातून वर आलेल्या तुकड्यावर तेच वळलेले पट्टे होते. वॉचमननं एक तुकडा आणून दिला, आणि रंग जुळवायला तोच समोर ठेवला.

रंगाचं थोडक्यात सांगते. आधी सगळीकडे गडद तपकिरी-करडा. वाळल्यावर स्पंजानं फिकट करडा, टेकवत टेकवत. खाचांत गडद तसाच राहू द्यायचा. मग अगदी पातळ गुलाबी, कारण या दगडातल्या फेल्स्पारला ती झाक असते. जुन्या टूथब्रशनं काळे-पांढरे शिंतोडे, लांबून. शेवटी पाण्यासारखा पातळ काळा रंग वरून ओतून खाली ओघळू द्यायचा. हे ब्रशनं रंगवू नका. पाण्याची वाट पाण्यालाच शोधू द्या. आणि कागदाचा डोंगर आहे, म्हणून जवळ पणती नाही, विजेची माळ.

असे लहानमोठे सात धोंडे झाले. त्यांच्यावर तटबंदी, आणि राजगिरीच्या माथ्यापाशी खरोखर एक खोल फट आहे, ती ओलांडायला लाकडी पूल, तोही केला, आइस्क्रीमच्या काड्यांचा.

वसुबारसेच्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ आजी नातीचा हात धरून खाली आल्या. त्या तिंडिवनमच्या, जिंजी त्यांच्या शेजारची. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग नातीला काहीतरी म्हणाल्या. नातीनं इंग्रजीत आम्हाला सांगितलं, "आजी म्हणते, दगड बरोबर आहे. पण शेळ्या कुठायत? तिथे दगडावर नेहमी शेळ्या असतात."

आमच्या मुलांनी तिला तिथेच बसवून घेतलं. तिनं शाडूच्या मातीच्या दोन शेळ्या केल्या, एक जरा लंगडी. राजाराम महाराज सदरेवर, मावळे तटावर, आणि त्या सगळ्यांच्या वर, मोठ्या धोंड्याच्या टोकावर, दोन शेळ्या. साताऱ्याचे काका चष्मा कपाळावर सारून वाकून बघत होते. म्हणाले, "रायगडावर पण असतात हो शेळ्या. पुढच्या वर्षी हिलाच सांगू."