घार की गिधाड?

(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



मनोविश्लेषण म्हटले की वेड्यांचे डॉक्टर, एवढेच तुमच्या मनात येत असेल. परंतु या शास्त्राचे जनक, व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड, यांना १९३० साली फ्रँकफुर्ट शहराने गोएथे या महाकवीच्या नावाचे पारितोषिक दिले होते. वैद्यक आणि साहित्य यांची सोयरीक अशी जुनी आहे.

सुरुवात मात्र रुग्णापासूनच झाली. १८८० ते १८८२ या काळात फ्रॉइडचे ज्येष्ठ स्नेही डॉ. ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करीत होते. तहानेने व्याकूळ होऊनही पेला ओठांना लागताच ती तो दूर सारी. कित्येक आठवडे तिने फळांवर काढले. एकदा संमोहनावस्थेत तिने मनात दडपलेली किळस बोलून दाखविली : एका बाईचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिला होता. एवढे सांगून होताच तिने पाणी मागितले! (पुढे तिला बरेच दिवस इस्पितळात काढावे लागले, हेही सांगितले पाहिजे.) पण ऐकून घेणे हाही उपचार आहे, हे डॉक्टरांना येथे उमगले.

हेच शास्त्र कलेकडे वळले तेव्हा काय झाले? लिओनार्दो दा विंचीने एक आठवण लिहून ठेवली आहे. पाळण्यात असताना एका घारीने शेपटीने आपले तोंड उघडले, अशी. १९१० साली फ्रॉइडनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्यासमोरील जर्मन भाषांतरात घारीचे गिधाड झाले होते. मग इजिप्तची गिधाडमुखी मातृदेवता आली, आईची ओढ आली, आणि मोनालिसाच्या स्मितापर्यंत इमला चढला. १९२३ साली एरिक मॅक्लॅगन यांनी ती चूक दाखविली. समोरचा रुग्ण ‘डॉक्टर, तसे नव्हते’ म्हणू शकतो. १५१९ साली वारलेला चित्रकार काय म्हणणार?

हसू नका. मीही तेच केले आहे. ‘माझे घर’ या निबंधात एका मुलाने वडिलांचा उल्लेखच केला नाही. अर्धवट वाचनाच्या बळावर मी निदान केले, की याच्या मनात बापाविषयी राग आहे. आणि शिक्षकांच्या खोलीत तसे बोलूनही मोकळा झालो. आठवड्याने त्याला जवळ बसवून विचारले.

“सर, घरात कोण कोण असतं ते लिहायला तुम्ही सांगितलं होतं. अब्बा कुवेतला असतात.”

मी लगेच जाऊन सहकाऱ्यांना खरे काय ते सांगितले. पण पहिली गोष्ट ऐकलेले दोघे त्या दिवशी रजेवर होते.