गांव, आडनांव आणि रक्त

पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत अंथुर्णें नांवाचें गांव आहे. तेथील एखादें कुटुंब मुंबईस येऊन राहिलें, तर शेजाऱ्यांनीं त्यास ‘अंथुर्णेकर’ म्हणावें, यांत कोणास नवल वाटणार नाहीं. गांवाच्या नांवापुढें ‘कर’ जोडला कीं मराठी आडनांव तयार होतें. माणूस कोणत्या रक्ताचा, हें तो प्रत्यय विचारीत नाहीं. कोणत्या मातीवर राहिला, एवढेंच सांगतो. परंतु ‘हा आमचा कीं परका?’ हा प्रश्न जेव्हां कायद्याच्या किंवा धर्माच्या दरबारांत जातो, तेव्हां ही मातीची साक्ष पुरेशी होते काय? महाराष्ट्रांतीलच एका लहानशा समाजाचा इतिहास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडतो.

हा समाज बेने इस्राएलांचा. त्यांच्या परंपरेप्रमाणें, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. धर्मग्रंथ समुद्राच्या पोटांत गेले. सुंता, शब्बाथाचा विसांवा आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढेंच पाथेय उरलें. त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा पत्करला. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. ज्या ज्या गांवीं ते वसले, त्या त्या गांवावरून ते रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगांवकर झाले. त्यांची भाषा मराठी, वेष मराठी. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईस या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारलें. पुढें १८७४ साली पुण्यांत वल्हांडण सणाचें प्रार्थनापुस्तक हिब्रू व मराठी भाषांत छापलें गेलें. त्यांतील चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडें नेसलेल्या दिसतात. धर्म यहुदी आणि संसार मराठी, यांत त्या घरांना कांहींच विसंगत वाटलें नाहीं.

इंग्रजी अमलांत मात्र रंगाला किंमत आली. राज्यकर्त्यांच्या जवळ बसावयाचें तर युरोपियनांत गणना व्हावयास हवी, असें बगदादहून आलेल्या कित्येक धनिक यहुदी व्यापाऱ्यांस वाटूं लागलें. सांवळ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबंधूंची जवळीक त्यांस अडचणीची झाली. ब्रह्मदेशांत रंगून येथील प्रार्थनामंदिराच्या कारभारांत बेने इस्राएलांना मताधिकार नाकारला गेला. १९३५ साली तेथील उच्च न्यायालयानें तो त्यांस मिळवून दिला. पण येथें एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. खुद्द बेने इस्राएलांत ‘गोरा’ व ‘काळा’ असे दोन वर्ग होते, आणि गोरा म्हणविणारे काळ्यांशीं रोटीबेटीव्यवहार करीत नसत. ज्याला उंबऱ्याबाहेर उभें केलें जातें, तोहि आपल्या घराला उंबरा बांधतोच.

१९४८ साली इस्राएलचें राज्य स्थापन झालें, त्या वेळीं भारतांत सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. भारतानें त्यांचा छळ केला नव्हता. तरी प्रार्थनेंत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारलेल्या भूमीची ओढ प्रबळ ठरली व पुष्कळ कुटुंबें निघालीं. तेथें कांहींजणांच्या वाट्यास निराशा आली. वर्णावरून भेदभाव होतो, अशी तक्रार करून बीरशेबा येथील एका गटानें १९५१ साली ठिय्या दिला, आणि त्यांपैकीं कांहीं कुटुंबें १९५२ साली भारतांत परत आणलीं गेलीं. त्याहून खोल घाव पुढें बसला. विवाहाची नोंद धर्मगुरूंच्या हातीं होती. १९६२ साली मुख्य धर्मपीठानें असा आदेश काढला कीं, बेने इस्राएल वधूवरांची वंशावळ शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत तपासावी. या लोकांत पूर्वी अन्य धर्मीयांशीं विवाह झाले असतील, घटस्फोट शास्त्रोक्त झाले नसतील, अशी शंका घेण्यांत आली होती. ज्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवीत कोंकणांत राहिले, त्यांनीं पणजीच्या आजीचा दाखला आणावा कोठून? त्यांच्यापाशीं होतें तें गांवाचें नांव, आणि त्या दरबारांत गांवाच्या नांवाला मोल नव्हतें.

हा समाज स्वस्थ बसला नाहीं. १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरुसलेमांत निदर्शनें व उपोषणें झालीं. १७ ऑगस्ट १९६४ रोजीं तेथील विधिमंडळानें खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्वार्थानें यहुदीच आहेत असा ठराव केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठानें आदेशांतून त्यांचें नांव काढून टाकलें. पाहणीचा नियम मात्र सर्वस्वीं गेला नाहीं. ज्याच्याविषयीं शंका येईल त्याची चौकशी करावी, असा तो झाला.

रक्ताची ही पाहणी एकट्या इस्राएलांतच झाली असें नव्हे. ज्या ब्रिटननें काळ्यागोऱ्याची श्रेणी जगभर नेली, तेथेंहि तोच प्रश्न उभा राहिला. १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनीं दादाभाई नौरोजींचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला. १८९२ साली लंडनच्या मतदारांनीं दादाभाईंना पार्लमेंटांत निवडून देऊन त्याला उत्तर दिलें. परंतु १९६८ साली केनियांतून ब्रिटिश पारपत्र घेऊन येऊं पाहणाऱ्या हिंदी वंशाच्या लोकांस थोपविण्यासाठीं अवघ्या तीन दिवसांत कायदा संमत झाला. आईबाप किंवा आजाआजी ब्रिटनचीं असतील त्यालाच दार मोकळें, असा त्याचा मथितार्थ. १९३२ साली लंडनमध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाच्या परिसरांत आज तेथेंच जन्मलेल्या पिढ्या वाढत आहेत. अशा मुलाला जेव्हां कोणी ‘पण तूं मूळचा कुठला?’ असें विचारतो, तेव्हां विचारणारा त्याचा जन्मगांव ऐकून समाधान पावत नाहीं. त्याला वंशावळ हवी असते.

हें ऐकून मराठी मनानें स्वतःवर संतुष्ट होण्याचें कारण नाहीं. नवगांव ज्या कुलाबा जिल्ह्यांत होतें, त्याच जिल्ह्यांतील महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधि अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी पिऊन आपला हक्क सिद्ध करावा लागला. गांवाचें नांव मिरविणाऱ्या अनेक अस्पृश्य घराण्यांस त्या गांवचें पाणी नव्हतें. आडनांवांत गांव येणें निराळें आणि गांवांत माणूस येणें निराळें.

म्हणून पुन्हां अंथुर्ण्याकडे वळावें. नीरा डाव्या कालव्याचें पाणी या दुष्काळी टापूंत आलें, ऊंस आला, जवळच वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यापाठोपाठ परमुलुखांतील मजूर व कारागीर आले. त्यांचीं नातवंडें कुठलीं समजावयाचीं? दाखला मागावयाचा झाला तर शोध कोठेंच थांबणार नाहीं. खुद्द मागणाऱ्याच्या घरींहि सात पिढ्यांपलीकडचा कागद सहसा नसतो. पाणवठ्यावर जागा, पंगतींत पान, सभेंत मत आणि लग्नाच्या नोंदींत निःशंक नांव, हीं चार ज्याला मिळालीं तो त्या गांवचा झाला. हीं चार नाकारून नुसता ‘कर’ बहाल करणें म्हणजे दार लावून घेऊन पाहुण्याला अंगणांतून नांवानें हांक मारण्यासारखें आहे.