ग्रहणाला बोल लावण्याआधी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसारात रमणारी बाई. मोठे व्याख्यान मला जमायचे नाही. परंतु यंदा आपल्या आळीत तीन सुना गरोदर आहेत, म्हणून हे चार शब्द.

बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला की आपण आधी विचारतो, "ग्रहणात विळी हाती धरली होतीस का ग?" बिचारी आई जन्मभर ते ओझे वाहते. ग्रहणाचा आणि ओठाचा काडीचाही संबंध नाही. पोटातल्या बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये सांधला जातो. ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, टाळू त्यामागून. काही वेळा रक्ताच्या नात्यातून हे व्यंग येते, काही वेळा कारण सापडतच नाही. परंतु आईच्या धूम्रपानाने ते होण्याचा धोका वाढतो, हे पक्के ठरले आहे.

आता वाफेची सिगारेट निघाली आहे. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने तिची विक्री बंद झाली, तरी चोरून मिळतेच. शिकलेल्या मुलीही म्हणतात, "काकू, यात तंबाखू नाही, नुसता फळांचा वास." २०१७ साली अमेरिकेत बेडकांच्या गर्भांवर हिचा प्रयोग झाला. काही प्रकारच्या वाफेने त्यांचे चेहरे मध्येच दुभंगले, आणि मुख्य कारण निकोटिन नव्हते. माणसांत हे अजून सिद्ध व्हायचे आहे. पण त्यासाठी आपली लेकरे कशाला पणाला लावायची?

आणि आपली मशेरी? ती तर तंबाखूच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. थोरल्या बायकांनो, रागावू नका; सुनेला "मळमळ थांबेल" म्हणून डबी पुढे करू नका.

आपण सातव्या महिन्यात ओटी भरतो आणि मग उपदेश करतो. चेहरा तेव्हा केव्हाच घडून गेलेला असतो. सांगायचे ते लग्नानंतर लगेच सांगावे. पुरुषांनीही विडी घराबाहेर ठेवावी.

तरीही एखादे बाळ तसे जन्मलेच तर दोष कुणालाच देऊ नका. शस्त्रक्रियेने ओठ व टाळू जुळवता येतात. बाळाला लवकर डॉक्टरांकडे न्या.