अनुदानाचा कागद



मागच्या बैठकीत तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारले, "सरकार धंद्याला पैसे देते म्हणतात, ते खरे काय?" खरे आहे. पण पारावर सांगतात तसे नाही. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका ताईंना मिरची कांडपाची गिरणी घालायची होती. गावात एक इसम आला. म्हणाला, "सरकारकडून दीड लाख फुकट मिळवून देतो. फाईलचे पाच हजार द्या." ताईंनी बचत गटातून उचल घेऊन पैसे दिले. आठ महिने गेले. इसमही नाही आणि फाईलही नाही. ताईंजवळ फक्त एक सही केलेला कागद उरला. तो आम्ही वर्गात वाचला. तो अर्जच नव्हता! पाच हजार रुपये सल्ल्याबद्दल दिले, ते परत मागणार नाही, असे त्यांनीच लिहून दिलेले होते. ताईंना सही येत होती, वाचन अजून येत नव्हते. आम्हांलाही वाईट वाटले, कारण आधी सही शिकवली ती आम्हीच.

तर आता खरा प्रकार काय तो पाहू. केंद्र सरकारने २००८ साली 'पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम' सुरू केला. हे अनुदान नव्या धंद्याला असते, आणि ते कर्जाला जोडलेले असते. कर्ज नाही तर अनुदानही नाही. २०२२ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे हिशेब करू. ताईंच्या गिरणीला यंत्र, शेड, वीज आणि हातखर्च धरून ४ लाख रुपये लागतात असे समजा. गाव ग्रामपंचायतीच्या हद्दीतले आणि अर्जदार बाई. म्हणून स्वतःचे शेकडा ५, म्हणजे २० हजार घालायचे. बाकी ३ लाख ८० हजार बँक देते. अनुदान शेकडा ३५, म्हणजे १ लाख ४० हजार.

बरं, हे १ लाख ४० हजार ताईंच्या हातात येतात काय? नाही. ते बँकेत ३ वर्षे अडकवून ठेवतात. त्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावतही नाही. ३ वर्षे धंदा चालला, पाहणी झाली, की ती रक्कम कर्जात वळती होते. मधेच धंदा बंद पडला तर अनुदान सरकारकडे परत जाऊ शकते. म्हणजे ताईंना खरोखर फेडायचे ते २ लाख ४० हजार आणि त्यावरचे व्याज. "दीड लाख फुकट" हे शब्द या हिशेबात कुठे बसतात, तुम्हीच पाहा.

शहरात अनुदान कमी असते. मागास वर्ग, अल्पसंख्य, माजी सैनिक, अपंग यांना बायकांप्रमाणेच सवलत. इतर पुरुषांना गावात शेकडा २५, शहरात १५, आणि स्वतःचे शेकडा १० घालावे लागतात. नवराबायकोपैकी एकालाच मिळते. विडी-तंबाखूच्या धंद्याला मिळत नाही.

"आमची शाळा झाली नाही, आम्हांला कोण विचारतो?" असे म्हणून मागे फिरू नका. माल तयार करण्याचा धंदा १० लाखांपर्यंतचा आणि सेवेचा ५ लाखांपर्यंतचा असेल, तर आठवी पासची अट नाही. दहा लाखांपर्यंत कर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडकही आहे. कोणी सातबारा मागितला तर हे नम्रपणे सांगा.

अर्ज संगणकावर भरतात, त्याला फी नाही. 'उद्यम' नोंदणी २०२० सालापासून आहे, तीही फुकट. विचारपूस करायची ती जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाच्या कचेरीत. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा आजचे आकडे तिथेच विचारून घ्या. आधार, फोटो, जातीचा दाखला, गावाचा दाखला आणि यंत्राचे कोटेशन लागते. सगळ्यांत अवघड म्हणजे धंद्याचा आराखडा. तो दुसऱ्याकडून लिहून घेतला की बँकेत घाम फुटतो. साहेब विचारतात, "रोज किती किलो कांडणार? गावात दुसरी गिरणी आहे काय?" ताईंनी या खेपेला घरोघर फिरून विचारले, वर्षाला कोण किती मिरची कांडून घेतो. तो कागद वेडावाकडा आहे, पण त्यांच्या अक्षरातला आहे. अर्ज बँकेकडे गेला आहे. मंजूर झालेला नाही.

ज्यांना अर्ज करायचा असेल त्यांनी पुढच्या गुरुवारी आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन यावे. चष्मा असेल त्यांनी तोही आणावा. अर्ज आपण आधी मोठ्याने वाचू आणि मगच भरू.