खुब्यात बसवलंय काय, त्याचा कागद कुठाय?

मी कांदिवलीच्या चारकोपमधून बोलतेय, बचत गटांचं काम बघते. आज खुब्याच्या ऑपरेशनबद्दल बोलू.

सांधा झिजला की डॉक्टर नवा गोळा आणि वाटी बसवतात. डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा असा सांधा आपल्या देशात सुमारे 4,700 जणांना बसवला होता. त्यात धातूवर धातू घासायचा. कोबाल्ट-क्रोमियमचे बारीक कण सुटून रक्तात जायचे, सांध्याभोवतीचं मांस खराब व्हायचं. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. दुकानातला डबा परत जातो, अंगातला सांधा कसा जाणार? कितीतरी जणांना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.

आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माहीम पोलिसांत तक्रार दिली. 2018 मध्ये केंद्र सरकारने 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत भरपाई ठरवली. कंपनी कोर्टात गेली. 2019 मध्ये दिल्ली हायकोर्टात तिने 67 रुग्णांना 25 लाख द्यायची तयारी दाखवली. पुष्कळ रुग्णांचा तर सरकारला पत्ताच लागला नाही.

हॉस्पिटलवर कागद तीनच वर्षं जपायचं बंधन आहे, आणि सांध्याचं दुखणं त्यानंतरही सुरू होऊ शकतं. म्हणून आपले कागद आपल्याच घरी हवेत. सांध्याच्या खोक्यावर स्टिकर असतो. कंपनी, मॉडेल, लॉट नंबर त्यावरच असतो. डिस्चार्ज कार्डासोबत त्याची प्रत मागा. लेखी अर्ज केला तर 72 तासांत कागद द्यावे लागतात. अर्जाची पोच घ्या बरं का.

घरात सासूबाईंचं, आईचं ऑपरेशन झालं असेल आणि जांघेत दुखत असेल, सूज असेल, चालणं बिघडलं असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बायकांचं दुखणं असंच वयावर ढकललं जातं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढा. सांधा धातूवर धातूचा असेल तर रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासायचं का, ते विचारा. प्रत्येक सांधा तसा नसतो, पुष्कळांत प्लास्टिकची वाटी असते. तेव्हा उगाच घाबरूही नका.

ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. उशीर झालाच तर कारण लिहून द्यावं लागतं. वकिलाच्या फीची काळजी नको. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती असते. फोन नंबर लिहून घ्या, 15100.