कोर्ट एक, न्याय दोन

(शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हे. मुलांस बाराखडी व पाढे शिकविणे हा आमचा धंदा. तेव्हा शाळेच्याच रीतीने, एका गणितापासून आरंभ करतो.

कर्ज शंभर रुपये. व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांचे व्याज किती? बहात्तर. मुद्दल धरून १७२. येथे सावकार म्हणतो, जुना रोखा रद्द कर आणि १७२ चा नवा लिहून दे. आणखी तीन वर्षांनी त्याचे होतात २९५ रुपये ८४ पैसे. पुन्हा नवा रोखा. आणखी तीन वर्षांनी ५०८ रुपये आणि वर काही पैसे. घेतले शंभर, नऊ वर्षांत झाले पाचशे, आणि मधल्या काळात कुळाने एक दमडी नवी उचलली नाही. या गणितात चूक कोठेच नाही, हीच त्यातली गोम आहे.

आकडे आम्ही घातले. रीत मात्र आमची नव्हे. १८५९ साली इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावर दावा लावणे तर तीन वर्षांच्या आत लावावा, असे त्यात ठरले. हेतू वाईट नव्हता. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊन कुळ बुडू नये, हाच तो हेतू. पण सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यावा आणि मागील व्याज मुद्दलात घालावे, असा पाठच पाडला. ज्या छपराखाली कुळाने उभे राहावे, तेच छप्पर त्याच्या डोक्यावर आले.

त्याआधी पेशवाईत न्याय कसा होता हे आपणांस ठाऊक आहेच. गुन्हा एक असला तरी जात पाहून दंड ठरे आणि ब्राह्मणास देहान्ताची शिक्षा देत नसत. भेद उघड होता. कोणी लपवीत नव्हते. इंग्रजी अमलात कायद्याच्या पुस्तकातून तो भेद बराचसा गेला, आणि आपल्या वाडवडिलांस वाटले की आता थोरामोठ्यांशी बरोबरीने उभे राहता येईल. पण झाले असे की पुस्तकातून गेलेला भेद कागदात शिरला. रोखा लिहिणार सावकाराचा माणूस, वाचून दाखविणार तोच, साक्षीदारही त्याच्याच दुकानच्या पायरीवरचे. कुळाचा काय तो अंगठा. दावा लागला म्हणजे समन्स कधी हाती पडे, कधी पडत नसे. पडले तरी वाचणार कोण? वाचून घेतले तरी कोर्ट लांब, वाटखर्चास पैसा नाही, वकिलास द्यावयास तर मुळीच नाही, आणि पेरणी ऐन रंगात. कुळ गेले नाही. कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा दिला आणि बेलीफ जप्तीस आला.

आता नीट ध्यानात घ्या. न्यायाधीशाने लाच खाल्ली असे आम्ही म्हणत नाही. तो कदाचित अगदी सरळ गृहस्थ असेल. त्याच्यापुढे एक कागद होता आणि एक रिकामी जागा होती. त्याने कागदाप्रमाणे निकाल दिला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कुळकर्ण्यापासून कचेरीतल्या कामगारापर्यंत प्रत्येक पायरीवर अक्षरशत्रू शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यात त्यांनी उघडे करून दाखविले. शाळांसाठी ते इतके जिवावर का उदार झाले, हे तो ग्रंथ वाचला म्हणजे समजते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजार भरला होता. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने घेरली. मागणी एकच, रोखे बाहेर काढा. मिळालेल्या रोख्यांची होळी झाली. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगावी पोहोचले. माणसांच्या जिवावर लोक फारसे उठले नाहीत. राग होता तो कागदावर. त्या लोकांस वाचता येत नव्हते, पण आपला वैरी कोणत्या कागदात बसला आहे, हे त्यांस बरोबर ठाऊक होते. पुढे ९५१ जण पकडले गेले. (ज्यांनी नऊ वर्षांत शंभराचे पाचशे केले, त्यांतला किती जणांस कोणी पकडले, हे विचारू नये. ते सर्व कायदेशीर होते!)

तरी त्या होळीचा धूर सरकारच्या डोळ्यांत गेला. चौकशीचे कमिशन बसले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू होता. कोर्टाने नुसता रोखा पाहून निकाल देऊ नये, त्याच्या मागे जाऊन पहिल्या कर्जापासूनचा हिशेब तपासावा, असे त्यात सांगितले. कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची रीत बंद झाली. हप्ते बांधून देण्याची सोय झाली. सावकार तेथेही स्वस्थ बसला नाही. रोख्याऐवजी तो थेट खरेदीखत लिहून घेऊ लागला, आणि "पैसे फेडलेस की जमीन परत" एवढे तोंडी बोलू लागला. ही युक्ती आमच्या तालुक्यात आजही चालते. म्हणून सांगतो, २०१४ पासून आपल्या राज्यात सावकारीचा नवा कायदा आहे. परवाना नसलेल्या सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत ते सिद्ध झाले तर जमीन परत देण्याचा हुकूम करण्याचा त्याला अधिकार आहे. सुप्याची रीत आज उपयोगाची नाही. कागद जाळला तरी त्याची नक्कल संगणकात शिल्लक राहते.

येथवर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता आमची सांगणे भाग आहे. ती सांगितल्याशिवाय या व्यासपीठावर उभे राहण्याचा आम्हांस हक्क नाही.

काही वर्षांपूर्वी गावातील एका वजनदार गृहस्थाच्या विहिरीवरील मोटार चोरीस गेली. संशय आला तो एका लोहारावर. त्याचा मुलगा आमच्या वर्गात होता. रात्री नऊच्या सुमारास आम्हांस बोलावणे आले, "मास्तर, पंच म्हणून तेवढी सही पाहिजे." गेलो. पंचनामा लिहून तयार होता. लोहाराच्या भात्यामागे तांब्याची तार सापडली, ती आमच्यादेखत सापडली, असे त्यात होते. आमच्यादेखत काहीच सापडले नव्हते. आम्ही तो कागद वाचलासुद्धा नाही. तो गृहस्थ शाळेच्या समितीवर होता, बदलीचे दिवस होते, आणि जेवण निवत होते. आम्ही सही केली. अंगठा नव्हे, चांगली वळणदार सही. ज्यास वाचता येत नाही त्याचा अंगठा एक वेळ क्षम्य आहे.

लोहारास जामीन मंजूर झाला, पण पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. त्याच्या नावावर सातबारा नाही, घर गायरानात. ज्यांचा सातबारा होता ते त्या गृहस्थाच्या भयाने पुढे येईनात. आमच्या नावावर दीड एकर आहे. आम्हीही गेलो नाही. सहीचा पंच आरोपीस जामीन कसा राहील, असे मनास समजावले. तो पाच महिने आत राहिला. मुलगा शाळा सोडून भात्यावर बसला. गावाने नांगराचे फाळ शेवटायला दुसऱ्या गावी नेले.

त्याच साली त्याच गृहस्थाच्या चिरंजीवाच्या मोटारीखाली एक मजूर बाई मेली. चिरंजीव दिवे लागणीस घरी होते. येथेही कोणी लाच दिली असे म्हणू नका. निष्काळजीपणाने माणूस मारणे हा जामीनपात्र गुन्हा आहे आणि चोरी हा अजामीनपात्र आहे. कायद्याच्या पुस्तकात तेव्हाही तसेच होते, नव्या पुस्तकातही बहुतांशी तसेच आहे. मोटारी कोणाजवळ असतात आणि तांब्याची तार चोरल्याचा आळ कोणावर येतो, एवढा विचार आपला आपण करावा.

साक्षीची तारीख आली तेव्हा आम्ही खरे ते सांगितले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी भर कोर्टात आमची हजेरी घेतली, ती योग्यच होती. लोहार सुटला. त्याने आम्हांस एकही शब्द विचारला नाही. अजून विचारलेला नाही.

मागाहून आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की अशा माणसासाठी वाट होती. मध्य प्रदेशातील एका गरीब गवंड्यास खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट मोडून काढली आणि त्या गवंड्यास हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्यास सांगितले. म्हणजे आमचा लोहार आत बसला, तेव्हा हा निकाल कित्येक वर्षे छापून पडला होता. त्यास ठाऊक नव्हता, आम्हांस ठाऊक नव्हता. देशभर पाहिले तर २०२२ सालाच्या अखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील ४,३४,३०२ जणांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. शंभरांत शहात्तर. त्यांत कितीजण केवळ जामीनदार नाही म्हणून बसले असतील, ते ज्याने गरिबी पाहिली त्यास सांगावे लागत नाही.

एक कडू बोलतो, अध्यक्षांनी क्षमा करावी. आमची चळवळ शेटजी-भटजींच्या नावाने बोटे मोडीत वाढली, आणि त्या काळी ते खरेच होते. पण लोहारावर बालंट घेणारा तो गृहस्थ कोणी भटजी नव्हे, शेटजीही नव्हे. आपल्यातलाच आहे. जोतीरावांची तसबीर त्याच्या दिवाणखान्यात आहे, आणि जयंतीची वर्गणी सर्वांत मोठी त्याचीच असते.

आता कामाचे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर त्या माणसास निर्धन समजून स्वतःच्या मुचलक्यावर सोडावे, असे कायदाच सांगतो. खटला चालू असता पहिल्याच वेळी पकडलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा तुरुंगात काढला, तर त्यास सोडण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत आहे. मात्र फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसावा, आणि दुसरे खटलेही प्रलंबित नसावेत. जो कोठडीत आहे त्यास सरकारी खर्चाने वकील मिळतो. बायाबापड्यांस, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांस मिळकत न पाहता मिळतो. इतर बहुतेकांस मिळकतीची मर्यादा आहे. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तेथे अर्ज करण्यास वकील लागत नाही. आणि समन्स आले तर जा. पेरणी असो, लग्न असो, जा. आपली रिकामी जागा हीच दुसऱ्या पक्षाची सर्वांत मोठी साक्ष असते.

येत्या रविवारपासून दुपारी शाळेच्या ओसरीवर आम्ही बसणार आहोत. ज्यांच्या घरी समन्स, नोटीस, खरेदीखत, बँकेचा कागद, काही असेल, त्यांनी आणावे. वाचून दाखवू, समजले नाही तर समितीच्या वकिलांकडे नेऊ. पैसा घेणार नाही, आणि न वाचता सही कोठे करणार नाही. कागदाच्या घड्या उलगडून आणा. मागील खेपेस एकाचा सातबारा तंबाखूच्या पिशवीतून निघाला, आणि गट नंबरावरच डाग पडला होता.