रेडिओलॉजीची सीट आणि बुलढाण्याचा रुग्ण



ज्या घरात मूल एमबीबीएस होतंय, त्या घरात आज एक शब्द हमखास ऐकू येतो : ‘रेडिओ’. रँक चांगली आली की रेडिओ घ्यायचं, नाही आली तर पुन्हा वर्षभर अभ्यास. नीट-पीजीत वरच्या रँकची मुलं एमडी रेडिओडायग्नोसिसच्या सीटा पहिल्याच राउंडमध्ये उचलतात. दुसरीकडे शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्राच्या सीटा इतक्या रिकाम्या राहतात, की २०२३ साली पात्रतेचं पर्सेंटाइल शून्यावर आणावं लागलं.

पूर्वी हुशार मुलं मेडिसिन किंवा सर्जरी घेत. एक्स-रे विभाग म्हणजे अंधाऱ्या खोलीतलं दुय्यम काम, असा समज होता. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. पुढे सोनोग्राफी तालुक्यापर्यंत आली, एमआरआय आला, आणि ऑपरेशन करायचं की नाही हे रिपोर्टवर ठरू लागलं. शिवाय एमडीनंतर पुन्हा सुपरस्पेशालिटीच्या मागे धावावं लागत नाही. मुलं हे सगळं पाहूनच निवड करतात, त्यात त्यांची चूक नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते, की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत संगणक हे काम अधिक चांगलं करेल. त्याच हिंटनना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ती पाच वर्षं केव्हाच सरली, तरी आपल्याकडे या सीटची ओढ तसूभर कमी झालेली नाही.

पण रँकवरून डॉक्टरची बुद्धी कळते, तो कुठे राहील आणि कसा वागेल हे कळत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला तर ते कळायलाच हवं. २००१ च्या जनगणनेत बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५ उरल्या. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा महाराष्ट्रानेच देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला होता, तरी ही घसरण झाली. सोनोग्राफीचा प्रोब हातात असताना कुटुंबाच्या दबावापुढे ‘सांगणार नाही’ म्हणणारा माणूस कोणती परीक्षा निवडते?

असा माणूस कामातूनच कळतो, म्हणून इथल्या दवाखान्यांत काम केलेल्यांना या शाखेची वाट मोकळी हवी. लोणार, संग्रामपूरकडे वर्षानुवर्षं बाह्यरुग्ण विभाग सांभाळणारा वैद्यकीय अधिकारी पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्या मुलाशी रँकमध्ये कसा टिकणार? सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना पदव्युत्तर जागा राखता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. त्याच वर्षी राष्ट्रीय परीक्षा मंडळाने रेडिओडायग्नोसिसचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू केला. तो किमान शंभर खाटांच्या मान्यताप्राप्त रुग्णालयातही करता येतो. निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, पण तीन महिन्यांत गाव ओळखीचं होत नाही, दोन वर्षांत होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. आपण इमारतीबद्दल खूप बोलतो. तिथल्या रेडिओलॉजी विभागात प्राध्यापक किती, यंत्रं कोणती, डिप्लोमा किंवा एमडीच्या जागांसाठी प्रस्ताव केव्हा जाणार, हे प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना आपणच विचारले पाहिजेत; आणि त्यातल्या काही जागा याच जिल्ह्यात सेवा दिलेल्यांसाठी राखाव्यात, ही मागणीही त्यासोबतच लेखी द्यायला हवी.